ठोशाचे बळ पायांतून: आखाड्यातून एमएमएकडे येणाऱ्यांसाठी ताकदीचा सराव

आखाड्यात वाढलेल्या खेळाडूजवळ मान, पकड आणि कंबर आधीच तयार असते. एमएमएकडे, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या मिश्र लढतीकडे, वळल्यावर त्याला कमी पडतो तो ठोसा. ही उणीव भरून काढण्यासाठी तो छाती आणि दंड यांवर मेहनत वाढवतो आणि तेथेच त्याची दिशा चुकते. मागच्या हाताच्या सरळ ठोशात मागचा पाय जमीन रेटतो, नितंब वळतो, ताठ धड तो रेटा वर पोहोचवते आणि खांदा व मूठ शेवटी येतात. म्हणून सरावाचा आरंभ पायांपासून करावा.

दुसरी बाब वेळेची आहे. ठोसा सुटून लागेपर्यंत पाव सेकंदही जात नाही, तर स्नायूंना आपले संपूर्ण बळ उभे करण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे नुसती ताकद पुरत नाही. ती झटक्यात बाहेर काढण्याची सवय शरीराला लावावी लागते. जोर-बैठकांविषयी मला मनापासून आदर आहे, परंतु जो खेळाडू एका दमात शेकडो बैठका मारतो, त्याच्याकडे दम पुरेसा असतो. त्याला आता संख्या नव्हे, वजन वाढवायचे असते.

आठवड्यातून दोन दिवस, उदाहरणार्थ मंगळवार आणि शुक्रवार, एवढा वजनाचा सराव पुरेसा आहे. अंग ताजे असताना प्रथम उड्या आणि फेक घ्यावी. फेकीसाठीचा मेडिसिन बॉल, म्हणजे सरावाचा जड चेंडू, ३ ते ५ किलोंचा असावा. तो नसेल तर जुन्या बास्केटबॉलमध्ये वाळू भरून तो भिंतीवर न आपटता आखाड्याच्या मऊ मातीत फेकावा. लक्ष्याकडे कूस करून उभे राहावे, मागच्या टाचेला वळू द्यावे आणि चेंडू हातांनी ढकलण्याऐवजी नितंबाच्या वळणाने सोडावा. दोन्ही बाजूंनी ४-४ फेकींचे ३ सेट घ्यावेत, मध्ये दीड-दोन मिनिटे थांबावे आणि फेकीचा वेग उतरताच तेथेच थांबावे, कारण थकलेल्या अंगाने घेतलेली फेक वेग शिकवत नाही.

त्यानंतर स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) किंवा डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून उभे राहणे) यांपैकी एक घ्यावा. नवख्याने पहिले पाच-सहा आठवडे हलक्या वजनावर ८-८ आवर्तने करून पाठ सरळ ठेवण्याची सवय पक्की करावी. पुढे असे वजन निवडावे की जे जास्तीत जास्त सहा वेळा उचलता येईल, आणि त्याची ४ आवर्तनेच करावीत. असे ३ ते ४ सेट, प्रत्येक सेटनंतर पूर्ण ३ मिनिटे विश्रांती. शरीराचे वजन वाढून लढतीच्या वरच्या वजनगटात जावे लागेल ही भीती अनेकांना असते, पण इतक्या कमी आवर्तनांनी आणि आहार आटोक्यात ठेवल्यास अंग फारसे फुगत नाही.

धडाच्या व्यायामात पोट आवळण्यापेक्षा वळण रोखण्याला महत्त्व द्यावे. सायकलची जुनी ट्यूब खांबाला बांधून तिच्याकडे कूस करावी, तिचे टोक छातीसमोर धरून हात पुढे लांबवावेत आणि ट्यूब ओढत असतानाही धड वळू देऊ नये. पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एमएमए खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्रहारात स्नायू दोनदा आवळले जातात, एकदा सुरुवातीला आणि एकदा आघाताच्या क्षणी, आणि मधल्या काळात ते सैल होतात. म्हणूनच सतत ताठ राहणाऱ्याचा ठोसा संथ होतो. ठोसे मारण्याच्या टांगत्या बॅगवर सराव करताना हे सैल सोडणे जाणीवपूर्वक जपावे.

मुद्गल आणि गदा खांद्यांसाठी व पकडीसाठी उत्तम आहेत. ती सुरुवातीला अंग गरम करण्यासाठी फिरवावीत. हातात डंबेल धरून हवेत ठोसे मारणे मात्र टाळावे. डंबेलचे वजन हाताला खाली ओढते, तर ठोशाला बळ समोर लागते, आणि अशाने खांदा दुखावून ठोशाची रेषाही बिघडते.

एकाच दिवशी दोन्ही सराव करायचे असतील तर ठोशांचा सराव सकाळी आणि वजने संध्याकाळी घ्यावीत. जड वजनाच्या दुसऱ्या दिवशी कठोर स्पॅरिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) ठेवू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या छताखालील व्यायामशाळेत दुपारी वजन उचलणे धोक्याचे आहे. उजाडण्यापूर्वी सुरुवात करावी आणि मीठ घातलेले लिंबूपाणी जवळ ठेवावे.

लढतीआधी ७ ते १० दिवस शेवटचा जड सराव करावा. त्यानंतर सेट निम्म्यावर आणावेत, फेक आणि उड्या थोड्याच पण पूर्ण वेगाने कराव्यात, आणि वजन गटात बसण्यासाठी पाणी कमी करण्याच्या दिवसांत लोखंडाला हात लावू नये.