पॉइंटनंतरच्या अंकाची स्थानिक किंमत कशी ओळखायची?

9.58 मोठी की 9.6? पटकन विचारलं तर बरेच जण 9.58 म्हणतात, का तर 58 हे 6 पेक्षा जास्त. मी पण शाळेत हेच करायचो. पॉइंटनंतरचे अंक आपण 'अठ्ठावन्न' असे एकदम वाचतो आणि घोळ तिथंच होतो, म्हणून आधी ही सवय सोडा, 'नऊ पॉइंट पाच आठ' असंच वाचायचं.

मग एककाचं घर शोधा, पॉइंटच्या लगेच डावीकडचं. तिथून डावीकडे दशक, शतक असं दर घराला 10 पट वाढत जातं आणि उजवीकडे दर घराला 10 ने भागलं जातं, म्हणजे दशांश, शतांश, सहस्रांश. 'एकांश' नावाचं घर नसतं बरं का! दशक-दशांश, शतक-शतांश अशा जोड्या एककाच्या दोन बाजूंना लागतात, पॉइंटच्या नाही.

आता 47.305 घ्या आणि एकेक अंक त्याच्या घरात बसवा. 4 दशकात म्हणजे 40, 7 एककात म्हणजे 7च, 3 दशांशात म्हणजे 0.3, शतांशात काही नाही, 5 सहस्रांशात म्हणजे 0.005. सगळ्यांची बेरीज केली की परत 47.305 यायला पाहिजे, नाही आली तर कुठलातरी अंक चुकीच्या घरात गेलाय. मधलं शून्य फुकटचं वाटतं ना, पण ते काढलं की 47.35 होतं आणि त्याच 5 ची किंमत एकदम 10 पट, 0.05. पॉइंटनंतरच्या अंकांच्या शेवटी येणारं शून्य मात्र लावा नाहीतर काढा, किंमत तीच.

तुलना करताना हेच शून्य कामाला येतं. 9.6 ला 9.60 लिहा आणि डावीकडून बघत या, एकक सारखे, दशांशात 5 आणि 6, संपलं, 9.60 मोठी. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदात मारले, 9.6 वाला त्याच्या 2 शतांश सेकंद मागेच राहिला असता.

डोळ्यांनी बघायचं तर पट्टी घ्या, 7.3 सेंमी म्हणजे 7 सेंमीच्या पुढच्या 3 बारीक रेघा, एकेक रेघ एक दशांश.

आणि हो, सॉफ्टवेअरच्या व्हर्जनला हे लावू नका, पायथॉन 3.9 नंतर 3.10 आलं, तिथला पॉइंट नुसता ठिपका आहे.