राष्ट्रपतींची शपथ कशी वाचावी

माझ्या स्पर्धा परीक्षेच्या वर्गातली मुलं ही शपथ हमखास संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत शोधतात. तिथे मंत्री, खासदार, न्यायाधीश सापडतील, राष्ट्रपती नाहीत. त्यांची शपथ थेट अनुच्छेद 60 मध्ये आहे, तेव्हा तोच उघडा.

आता क्रियापदांखाली रेघ मारा. मंत्री संविधानाशी निष्ठा राखण्याची शपथ घेतात. राष्ट्रपती मात्र संविधान आणि कायद्याचं जतन, संरक्षण करण्याची जबाबदारी घेतात, शिवाय जनतेच्या सेवेची. फरक इथेच आहे, घाई करू नका. शपथ सरन्यायाधीशांसमोर होते. ते नसतील तर सर्वोच्च न्यायालयाच्या उपलब्ध ज्येष्ठतम न्यायाधीशांसमोर.

मग लगेच अनुच्छेद 61 वाचा. महाभियोगाचं, म्हणजे राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याच्या कारवाईचं, कारण एकच: संविधानाचा भंग. मी हे दोन अनुच्छेद नेहमी जोडीनेच शिकवते.

‘मग राष्ट्रपती सरकारला अडवू शकतात का?’ हा प्रश्न येतोच. अनुच्छेद 74 काढा. मंत्रिमंडळाचा सल्ला ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात (ही तरतूद 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीची). तोच सल्ला पुन्हा आला, की मानावाच लागतो.