विद्यापीठाचं लॉग-इन गेल्यावर शोधनिबंध कसे मिळवले

एम.ए. संपलं, विद्यापीठाचं लॉग-इन बंद झालं आणि वीरगळांवरचं, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिळांवरचं, माझं वाचन अडलं. गावोगाव हिंडून नोंदी करणं चालूच होतं, पण एकेका निबंधाला तीन हजारांवर रुपये कुठून आणायचे? एकदा घाईत भरले. आठवड्याने तोच निबंध लेखिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत सापडला. तुमचे पैसे असे जाऊ नयेत, म्हणून हे सांगतोय.

आधी निबंधाचं पूर्ण शीर्षक गूगल स्कॉलरवर शोधा आणि तिथे दिसणाऱ्या सगळ्या आवृत्त्या उघडून बघा. ब्राउझरला 'अनपेवॉल' जोडा. कायदेशीर मोफत प्रत असली तर ते हिरवं कुलूप दाखवतं. जेस्टोर या शोधनिबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं काढलं की 30 दिवसांत 100 निबंध ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, म्हणून मी वही घेऊनच बसतो. प्रबंध हवे असतील तर भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा मोफत संग्रह, शोधगंगा, आहेच. 2025 पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली, सुमारे 13,000 नियतकालिकांची. पण ती सरकारी संस्थांसाठी आहे, एकट्या माणसासाठी नाही.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो विकिपीडिया लायब्ररीचा. विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना ती असे सशुल्क संग्रह मोफत उघडून देते, आणि आपल्याकडे ती फारशी कुणाला माहीत नसते. त्यासाठी विकिपीडियावरचं खातं सहा महिने जुनं हवं, एकूण 500 संपादनं हवीत, त्यातली 10 गेल्या महिन्यातली. मराठी विकिपीडियावरची संपादनंही यात धरली जातात! मी रोज रात्री जेवणानंतर गावांच्या नि किल्ल्यांच्या लेखांत संदर्भ घालत बसायचो. अट पुरी झाली आणि जेस्टोर, प्रोजेक्ट म्यूज, केंब्रिज असे निबंधांचे संग्रह एकदम उघडले. ही सोय विकिपीडियावर लिहिणाऱ्यांसाठी आहे, तेव्हा तिथे वाचलेलं मराठी लेखांत संदर्भासह नोंदवायचं, हे मी पाळतो.

तरीही एखादा निबंध मिळत नाही. मग सरळ लेखकाला ईमेल करा. कोणता निबंध, कशासाठी हवा, आपण काय करतो, एवढ्या चार ओळी पुरतात. लाजू नका. माझ्या पहिल्याच पत्राला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. सोबत पीडीएफ आणि खाली एक प्रश्न: तुमच्या गावच्या वीरगळावर गाई कोरल्या आहेत का? संध्याकाळी तिरप्या उन्हात जाऊन मी खालच्या चौकटीचे फोटो काढले. तीन गाई होत्या.