व्हेनिसजवळ मुलाबाळांसह परवडणारा मुक्काम कसा करावा

व्हेनिसच्या कालव्याकाठी चौघांची खोली शोधायला बसलं की भाडं पाहूनच सहल पुढच्या वर्षावर ढकलावीशी वाटते. ढकलू नका. पाण्यापलीकडे, मुख्य भूमीवर मेस्त्रे आहे. तिथून रेल्वेने पूल ओलांडून व्हेनिस दहा-बारा मिनिटांवर, आणि एका माणसाचं तिकीट दीड युरोच्या आसपास.

आधी नकाशा उघडा, भाडं नंतर बघा. ‘व्हेनिसजवळ’ एवढ्यावर भुलून आम्ही पहिल्या खेपेला स्टेशनपासून लांबचं हॉटेल घेतलं होतं. रात्री झोपलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन बसची वाट पाहताना वाचलेल्या पैशांचं समाधान उरलं नाही. म्हणून ‘व्हेनेझिया मेस्त्रे’ स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांचीच हॉटेलं निवडा. स्टेशनमागची मार्घेराची बाजूही चालेल, भुयारी वाटेने पलीकडे जाता येतं.

मग खोली. चौघांच्या खोलीला इटलीत ‘क्वाद्रुप्ला’ म्हणतात. बुकिंग करताना मुलांची वयं खरी लिहा आणि जादा पलंग व न्याहारी भाड्यात आहे का, हे हॉटेलला लेखी विचारा. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) मुक्कामाचा पुरावा लागतो, तेव्हा व्हिसा हाती येईपर्यंत फुकट रद्द करता येणारंच बुकिंग ठेवा. छोटं स्वयंपाकघर असलेली खोली मिळाली तर थोडे जास्त पैसे द्या, माझ्या मते ते वसूल होतात. मेस्त्रेत बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानांत तांदूळ, डाळ, हळद, हिरव्या मिरच्या मिळतात. दिवसभर चालून आलेल्या मुलांपुढे गरम वरणभात ठेवता येतो, आजी-आजोबा सोबत असतील तर त्यांचीही सोय होते.

भाड्याशिवाय दर रात्री माणशी पर्यटक कर पडतो, तो बहुतेक हॉटेलातच भरायचा असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे, आणि पाच रात्रींपुढे कोणालाच लागत नाही. २०२४पासून ठरावीक दिवशी व्हेनिस पाहून त्याच दिवशी परतणाऱ्यांकडून प्रवेश शुल्कही घेतात. मेस्त्रे व्हेनिस नगरपालिकेतच येत असल्याने तिथे मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे. पण आपल्या तारखा त्या दिवसांत येत असतील तर पालिकेच्या संकेतस्थळावर आधी नोंद करून सवलतीचा कोड घ्या आणि मोबाइलमध्ये ठेवा.

व्हेनिसला जाताना ‘सांता लुचिया’ची, म्हणजे व्हेनिस बेटावरच्या स्टेशनची गाडी पकडा. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या, नाहीतर दंड होतो. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की समोर थेट ग्रँड कॅनाल! तो पहिला क्षण मुलांना निवांत बघू द्या, लगेच फोटोसाठी उभं करू नका.

बाबागाडी हॉटेलवरच ठेवा. चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. तान्ह्या बाळाला अंगाशी बांधलेलं बरं. वापोरेत्तो, म्हणजे तिथली पाण्यातली बस, ७५ मिनिटांना साडेनऊ युरो घेते आणि दिवसभराचा पास २५ युरोंचा आहे. सहा वर्षांखालची मुलं फुकट. रोज पास काढायची गरज नाही. एक दिवस पास काढून १ नंबरच्या बोटीने ग्रँड कॅनाल पाहा आणि त्याच पासावर रंगीत घरांचं बुरानो बेट करून या. उरलेले दिवस पायी फिरा. बाटली सोबत ठेवा, चौकाचौकांतल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं.

वेळ मात्र अशी ठेवा: सकाळी सातला निघून सान मार्को चौक गर्दीआधी गाठा, दुपारी मेस्त्रेला परतून मुलांना झोपवा आणि पाचच्या सुमारास पुन्हा जा. संध्याकाळी दिवसाची गर्दी परतलेली असते, गल्ल्यांत तिथलीच मुलं चेंडू खेळत असतात. आमची मुलगी त्यांच्यात अर्धा तास खेळली, भाषेवाचून काहीच अडलं नाही. फक्त परतीच्या शेवटच्या गाड्यांची वेळ सकाळीच स्टेशनवर बघून ठेवा.