घरसंसार सांभाळून प्रमाणित मसाज थेरपिस्ट कसे व्हावे

मराठवाड्याला मालिश नवीन नाही. बाळ-बाळंतिणीला तेल लावून शेक देणाऱ्या अनुभवी बायका गावोगावी आहेत आणि तालमीत पहिलवानांचे अंग रगडून देणारे हातही पिढ्यान्पिढ्या आहेत. मात्र हीच विद्या रीतसर शिकून, प्रमाणपत्र घेऊन त्यावर संसाराला हातभार लावायचा म्हटले की खरी अडचण वेळेची येते, कारण सकाळचा स्वयंपाक, मुलांची शाळा, घरातल्या वडीलधाऱ्यांची औषधे आणि सुगीत शेताची कामे यांपैकी काहीच थांबवता येत नाही. मी स्वतः या वाटेने गेले आहे, म्हणून सर्वप्रथम एक गोष्ट सांगते: या व्यवसायात वाचनाचा अभ्यास रात्री जागून भरून काढता येतो, हाताचा सराव मात्र तसा भरून निघत नाही. त्यामुळे आपले वेळापत्रक सरावाभोवती आखावे.

त्याआधी ‘परवाना’ या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत मसाज थेरपिस्टला राज्याचा परवाना लागतो. त्यासाठी साधारण 500 ते 1000 तासांचे शिक्षण आणि बहुतेक ठिकाणी ‘एमब्लेक्स’ नावाची परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे मसाज थेरपिस्टसाठी तसा वैयक्तिक परवाना नाही. आपल्याकडे मिळते ते राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकटीतील, म्हणजे कौशल्यांचे स्तर ठरवणाऱ्या सरकारी व्यवस्थेतील, प्रमाणपत्र. म्हणूनच “सरकारी लायसन्स मिळवून देतो” असे सांगून कोणी जास्तीचे पैसे मागत असेल, तर तिथूनच परत फिरावे.

पहिली पायरी म्हणजे शाखेची निवड. सौंदर्य व निरामयता क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट हे अभ्यासक्रम हॉटेल, सलून आणि स्पा यांतील नोकरीसाठी उपयोगी पडतात. आयुर्वेद रुग्णालयात वैद्यांच्या हाताखाली काम करण्याची इच्छा असेल, तर पंचकर्म तंत्रज्ञ हा अभ्यासक्रम पाहावा. त्यात अभ्यंग (तेलाने मालिश), स्वेदन (शेक देऊन घाम आणणे), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार सोडणे) अशी कामे येतात. नांदेड आणि धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालये आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी अशा एखाद्या ठिकाणच्या पंचकर्म विभागात जाऊन, परवानगी मिळाल्यास दोन तास काम पाहावे. तेल गरम करणे, द्रोणी (रुग्णाला झोपवून तेल लावायचे टेबल) पुसणे, रुग्णाला आधार देऊन उठवणे, पुन्हा सगळे धुणे, हे सारे पाहूनही मन तयार असेल तरच पुढे जावे. ज्या बायका वर्षानुवर्षे मालिश करत आल्या आहेत, त्यांच्यासाठी ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ हा जवळचा मार्ग आहे. त्यात असलेले कौशल्य तपासून, राहिलेले थोडे शिकवून, मूल्यमापनानंतर प्रमाणपत्र दिले जाते. माझ्या मते गावातल्या अनुभवी मालिशवाल्या बाईंनी हा मार्ग आधी विचारात घ्यावा.

दुसरी पायरी संस्था तपासण्याची आहे आणि येथे घाई करू नये. माझ्या जाऊबाईंनी एका खाजगी वर्गात फी भरली, तीन महिने मनापासून शिकल्या, आणि हाती आलेला रंगीत कागद कोणत्याही शासकीय नोंदीत सापडला नाही. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून फी भरण्याआधीच कोणती संस्था मूल्यमापन करणार, प्रमाणपत्र कोण देणार आणि ते ऑनलाइन पडताळता येते का, हे विचारून घ्यावे. स्किल इंडियाच्या संकेतस्थळावर प्रशिक्षण केंद्र शोधता येते. शक्य असल्यास मागच्या तुकडीतील एका विद्यार्थिनीचे प्रमाणपत्र पाहावे. त्याचबरोबर प्रत्यक्ष सरावाचे तास किती, टेबले किती आणि एका टेबलामागे किती विद्यार्थी, हेही विचारावे. दहा जणांत एक टेबल असेल, तर आपला हात अंगाला लागण्याची पाळी क्वचितच येणार हे उघड आहे.

तिसरी पायरी वेळेची. आपला अभ्यासक्रम लहान असला, तरी सरावासाठी 500 तासांचे उद्दिष्ट डोळ्यांसमोर ठेवावे असे मला वाटते. दिवसाला दोन तास, आठवड्याला पाच दिवस धरले, तर 50 आठवड्यांत ते पूर्ण होते. संसारी माणसाला हे जमण्यासारखे आहे. शेती असलेल्या घरात सोयाबीनची काढणी आणि दिवाळी आटोपल्यावर सुरुवात करावी, म्हणजे पहिले दोन-अडीच महिने सलग मिळतात आणि ज्वारीच्या काढणीपर्यंत हात बसलेला असतो. मुलांच्या परीक्षा आणि लग्नसराई यांचे आठवडे आधीच वहीत रिकामे सोडावेत. मग खंड पडला तरी मन खचत नाही. तालुक्याहून शहरात रोज ये-जा करावी लागत असेल, तर महिलांना एसटीच्या तिकिटात मार्च 2023 पासून निम्मी सवलत आहे, तिचा हिशेब जरूर धरावा. बसमधला वेळ हाडे आणि स्नायूंची नावे पाठ करण्यासाठी अगदी योग्य असतो.

ही नावे पाठ करणे टाळू नये. मानेचे सात, पाठीचे बारा आणि कमरेचे पाच मणके कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात, खांद्यावरचा ट्रॅपेझियस हा स्नायू कोठवर पसरतो, नितंबाखालून जाणारी सायटिक नस कोणत्या वाटेने पायात उतरते, हे बोटाखाली कळले पाहिजे. मी स्वयंपाकघरातील फळीवर रोज एका स्नायूचे चित्र चिकटवत असे आणि भाकरी करता करता तोच स्नायू स्वतःच्या अंगावर चाचपून पाहत असे. ज्वारीचे पीठ मळताना आपण बोटांनी झगडत नाही. तळहाताच्या मुळाने, कोपर जवळपास सरळ ठेवून, अंगाचा भार पुढे टाकतो. मालिशचा दाबही असाच द्यायचा असतो. अंगठ्यांच्या जोरावर काम करणाऱ्याचे अंगठे लवकर दुखू लागतात, तर भार वापरणाऱ्याचे हात अनेक वर्षे टिकतात. टेबलाच्या शेजारी हात सैल सोडून उभे राहिल्यावर मुठीच्या पेरांचा टेबलाला हलका स्पर्श होईल, एवढी टेबलाची उंची असावी.

येथे घरच्यांशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्यावी लागते. कपडे पिळणे, हापशावरून पाणी भरणे, भाकरी थापणे आणि मालिश करणे, या सगळ्यांना हात एकच जोडी आहे. सरावाच्या दिवशी धुणे आणि पाणी दुसऱ्या कोणी तरी करावे, ही मागणी अवाजवी नाही. सुरुवातीला दिवसाला दोन माणसांपेक्षा जास्त जणांवर सराव करू नये.

सराव घरच्यांपासून सुरू करावा, पण प्रत्येक वेळी अनोळखी ग्राहक समजूनच. आधी काय दुखते, कोणती औषधे चालू आहेत, शस्त्रक्रिया झाली आहे का, हे विचारून वहीत लिहावे. जेवढ्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा ठेवून बाकी अंग चादरीने झाकावे. दाब पुरे की कमी, हे विचारत राहावे. एका पायाला, पाठीला किंवा खांद्याला निवांत अर्धा तास दिल्याने जे कळते, ते घाईने केलेल्या सर्वांग मालिशीतून कळत नाही. तेल तिळाचे किंवा आपल्याकडच्या करडईचे चालते, मात्र नवीन माणसाच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थोडे लावून आधी त्वचा पाहावी.

नाही म्हणायला शिकणे ही माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. ताप, अंगावर संसर्ग किंवा उघडी जखम, ताजे हाड मोडलेले असणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, अशा स्थितीत मालिश करू नये. गर्भारपण आणि कर्करोग यांत डॉक्टरांच्या संमतीशिवाय हात लावू नये. एकदा शेजारच्या मावशी पिंढरी चोळून मागायला आल्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बरेच दिवस अंथरुणावर होत्या. दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहिले, तर डावी पिंढरी उजवीपेक्षा स्पष्टपणे सुजलेली, गरम आणि लालसर होती. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि त्यांच्या मुलाला त्यांना लगेच दवाखान्यात न्यायला सांगितले. अशा पायात रक्ताची गाठ असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो. त्या दिवशी मावशी नाराज झाल्या होत्या, पण तशा पायाला हात न लावणे हेच माझे काम होते.

प्रमाणपत्र हाती आल्यावर नोकरी करायची की स्वतःचे काम, हे ठरवावे. स्वतःचे काम असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनेला नोंदणीऐवजी व्यवसायाची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. जागा नगरपालिका किंवा महापालिका हद्दीत असेल, तर तिथल्या कार्यालयात व्यवसाय परवान्याची चौकशी करूनच भाडेकरार करावा. टेबल, चादरी आणि टॉवेल यांसाठी कर्ज हवे असल्यास मुद्रा योजनेच्या शिशु गटात 50,000 रुपयांपर्यंत सोय आहे. ग्राहकाच्या घरी जायचे झाल्यास पहिल्या भेटीचा पत्ता आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे. महिलांनी सुरुवातीला महिला ग्राहकच घ्यावेत, असा माझा आग्रह आहे.

पाटी लावताना शब्द जपून वापरावेत. नावाआधी ‘डॉक्टर’ किंवा ‘फिजिओथेरपिस्ट’ लिहू नये. फिजिओथेरपीसाठी वेगळी पदवी आणि वेगळी नोंदणी लागते. “लकवा बरा करतो”, “मधुमेह घालवतो” अशी जाहिरात 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा ठरू शकते. आपले नाव, प्रमाणपत्रातील अभ्यासक्रमाचे नाव, कामाची वेळ आणि दर, एवढा मजकूर पाटीवर पुरेसा आहे. वेळ लिहिताना मुले शाळेत असण्याचे तासच लिहावेत, म्हणजे ग्राहकही त्याच वेळेला येण्याची सवय लावून घेतात.