शुगर होण्याआधी वस्तीला सावध कसं करावं

नागपुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये माझी सगळी नोकरी रक्त तपासण्यात गेली. तिथं एक गोष्ट सतत दिसायची. उपाशीपोटी शुगर ११२, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ६.० असा मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा रिपोर्ट माणूस घडी करून पिशवीत टाकायचा, आणि काही वर्षांनी तोच १८० घेऊन यायचा. मधल्या काळात त्याला कुणी बसवून काही सांगितलेलंच नसायचं. निवृत्तीनंतर मी आणि माझ्या मैत्रिणी त्या मधल्या काळासाठी वस्त्यांमध्ये फिरतो. तुम्हालाही आपल्या मोहल्ल्यात, विहारात किंवा मंडळात हे काम सुरू करायचं असेल, तर आमची पद्धत सांगते.

शिबिराची तारीख नंतर ठरवा, आधी शिबिरानंतरचा आठवडा ठरवा. मंडप, बॅनर, बोटाला सुई टोचणं हे एका सकाळी उरकतं. पण ज्याची शुगर जास्त निघाली त्यानं शिरेतलं रक्त कुठं द्यायचं, रिपोर्ट कोण वाचून दाखवणार, चार दिवसांनी फोन कोण करणार, हे ठरलेलं नसेल तर तुम्ही त्या माणसाला नुसतं घाबरवून सोडलं. आमच्या वहीत प्रत्येक नावासमोर फोन करणारीचं नाव लिहिलेलं असतं. तिशीच्या पुढच्यांची शुगर-बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते आणि त्यासाठी आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. त्यांना आणि जवळच्या मनपाच्या आरोग्य केंद्राला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

आकडे तोंडपाठ हवेत. किमान आठ तास उपाशी राहून शिरेतून दिलेल्या रक्तात शुगर १०० ते १२५ मिलिग्रॅम, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली, तर तो मधुमेहाच्या आधीचा टप्पा. त्यावर गेली की मधुमेह. बोटातल्या थेंबावरून निदान करू नका, ती फक्त चाळणी आहे. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि १३.६ कोटी लोक या आधीच्या टप्प्यावर असल्याचा अंदाज आहे. म्हणजे तुमच्या समोर बसलेल्यांत सावरता येण्याजोगी माणसं जास्त आहेत, हे त्यांना आवर्जून सांगा.

"मले तं काही होऊनच नाही राहिलं, मंग कायले सुई टोचून घेऊ?" हा प्रश्न प्रत्येक वस्तीत येतो, आणि तो रास्तच आहे. या टप्प्यावर ना दुखत, ना खुपत. म्हणून आम्ही सुईच्या आधी टेप काढतो. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं भारतीयांसाठी एक सोपी गुणपद्धत केली आहे, तिला रक्त लागत नाही. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशीपासून पुढे ३०. बाईची कंबर ८० सेंटीमीटर किंवा जास्त असेल तर १०, नव्वदपासून २०. पुरुषाची नव्वदला १०, शंभरपासून २०. नियमित व्यायाम नाही आणि कामही बैठं, तर ३०. दोन्हींपैकी एक असेल तर २०. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज साठ किंवा वर गेली की धोका मोठा. बावन्न वर्षांचा दुकानदार, कंबर ९५, गल्ल्यावर बसून काम, व्यायाम नाही, वडिलांना शुगर: ऐंशी. लोक एकमेकांची बेरीज करू लागतात आणि मग सुईला स्वतःहून हात पुढे करतात.

टेपच्या या कामात शिंप्यांनी आम्हाला फार मदत केली. लेडीज टेलर प्रत्येकीची कंबर मोजतोच. त्याच्या टेपवर साडेएकतीस इंचाला बायकांसाठी आणि साडेपस्तीसला पुरुषांसाठी लाल खूण करून द्या. फक्त माप बेंबीच्या जवळपास घ्यायला सांगा, सलवारीच्या नाड्याजवळ नाही. ब्युटी पार्लरच्या ताईसुद्धा तितक्याच उपयोगी. मानेवरचा काळा, जाडसर पट्टा ब्लीचनं जात नाही म्हणून बायका त्यांच्याकडे तक्रार करतात. तो पट्टा अनेकदा शरीरात इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची खूण असतो. "एकदा शुगर तपासून घे ना गं," हे पार्लरवाल्या ताईनं म्हटलं तर बाई ऐकते. गरोदरपणी शुगर वाढली होती का, हेही तिथं सहज विचारता येतं.

सगळीकडे एकच भाषण चालत नाही. आमच्या नागपुरात मोमिनपुऱ्यात रमजानच्या आधी जा. रोजात रक्त द्यायला अनेक जण कचरतात, आणि आधी कळलं तर सेहरी-इफ्तारचं ताट डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. बोलणारी उर्दू-हिंदीत बोलणारी, शक्यतो त्याच मोहल्ल्यातली बाई असू द्या. जरीपटक्यात सिंधी व्यापारी रात्री उशिरा जेवतात, म्हणून त्यांना दुकान उघडण्याआधी गाठा. इंदोऱ्याकडे रविवारच्या वंदनेनंतर विहारात लोक थांबतात, पण वेळ भंतेजींना आणि उपासिका संघाला विचारून घ्या. छत्तीसगडहून आलेल्या बांधकाम मजुरांना भल्या सकाळी नाक्यावर भेटावं लागतं. ते सडपातळ असतात, त्यामुळे त्यांना कुणी विचारतच नाही. पण आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोटात चरबी असं शरीर खूप आढळतं, पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर मोठं काम केलं आहे.

विदर्भातली एक गोष्ट मात्र कुठल्याही तयार पत्रकात सापडत नाही. इथं सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, अनेक समाजांत आहे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे एचबीएवनसी खोटी कमी दिसते. नुसता वाहक असला तरी काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. उलट लोह कमी असलेल्या बाईची एचबीएवनसी खोटी वाढलेली दिसू शकते. म्हणून फॉर्मवर पहिलाच प्रश्न ठेवा: घरात कुणाला सिकलसेल आहे का, कार्ड मिळालंय का? उत्तर हो असेल तर उपाशीपोटीची आणि ग्लुकोजनंतरची तपासणी करायला सांगा. लॅबमध्ये राहून शिकलेल्या गोष्टींपैकी ही मला सगळ्यात मोलाची वाटते.

शुगरचा आकडा मंडपात मोठ्यानं वाचू नका. मुलीच्या लग्नाला अडचण येईल या भीतीनं आया तरण्या मुलींचे रिपोर्ट लपवतात. चिठ्ठी हातात द्या, बाजूला घेऊन बोला. आणि शुगर तपासायच्या पट्ट्यांची डबी उन्हात ठेवू नका. बहुतेक डब्यांवर तीस अंशांच्या आसपासची मर्यादा छापलेली असते, आणि आपला मे महिना पंचेचाळिशी गाठतो.

खाण्याबद्दल "हे बंद, ते बंद" म्हणाल तर दुसऱ्या भेटीला कुणी येणार नाही. तर्री पोहे सोडायला मी कुणालाच सांगत नाही. पोहे अर्धे घ्या, रश्शातले चणे दुप्पट, वरची तेलाची तर्री कमी. भाताच्या आधी भाजी आणि घट्ट वरण खा, मग भात कमीच लागतो. एकादशीचा साबुदाणा आणि बटाटा म्हणजे पिठूळपणाच सगळा. त्याऐवजी भगर थोडी आणि शेंगदाण्याची आमटी, दही जास्त. गूळही साखरच आहे, हे मला प्रत्येक बैठकीत पुन्हा सांगावं लागतं. उन्हाळ्यात रसवंतीवर थांबण्याऐवजी मठ्ठा प्या. चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं; मे महिन्यात फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर ऊन चढायच्या आत, नाहीतर रात्री जेवल्यावर गल्लीतच पंधरा मिनिटं.

याचा उपयोग होतो का, असं कुणी विचारलं तर अमेरिकेतला २००२ सालचा मोठा अभ्यास सांगा: सुमारे ७ टक्के वजन कमी करायचं आणि एवढंच चालायचं, या कार्यक्रमानं मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. भारतातल्या २००६ च्या अभ्यासात तीन वर्षांत घट २८.५ टक्के होती. सत्तर किलोच्या माणसाला पाच किलो उतरवायचे आहेत, एवढंच. चूर्णं आणि "शुगर मुळापासून घालवू" अशी पॅकेजेस विकणाऱ्यांना मंडपात टेबल देऊ नका, त्यांनी देणगी देऊ केली तरी. उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा वर गेलेल्यांना त्याच आठवड्यात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवा, शक्य असेल तर सोबत जा.

बाकीच्यांची तपासणी वर्षानं पुन्हा. तारीख लोक विसरतात, सण विसरत नाहीत. म्हणून आम्ही चिठ्ठीवर पोळा, ईद, चेटीचंड, अशोक विजयादशमी असं लिहितो, आणि त्या सणाच्या आठवडाभर आधी फोन करतो. आकडा सुधारून शंभरच्या आत आलेल्यांनाही फोन करा, कारण तो परत चढतो.