मरायला टेकलेली कोंबडी घरी आणली तर

लेयर फार्मवर साधारण 72 ते 80 आठवडे अंडी दिलेली कोंबडी टेम्पोत भरली जाते. त्यातलीच एखादी पाय बांधून बाजारात दिसते. पाठीवर पिसं नाहीत, तुरा पांढुरका, छातीचं हाड सुरीसारखं हाताला लागतं. दया आली, आणलीत. ठीक.

आधी तिला बाकीच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा, तीन आठवडे. मानमोडी (राणीखेत रोग) एकदा खुराड्यात शिरली की सगळा कळप जातो. पुठ्ठ्याचा खोका, खाली गोणपाट, एका कोपऱ्यावर 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब. झालं.

आता पाणी. इथेच कोंबड्या मरतात. तिची चोच हळूच उघडून बघा: जिभेच्या मागे, तोंडाच्या तळालाच एक फट श्वासाबरोबर उघडमीट करताना दिसेल. ती श्वासनळी. चमच्याने ओतलेलं पाणी थेट तिथून फुफ्फुसात उतरतं. माझ्या पहिल्या कोंबडीला मी मान वर धरून वाटीभर गुळाचं पाणी पाजलं. घशात घरघर झाली आणि दहा मिनिटांत तिने मान टाकली. ती भुकेने मेली, असं मी पुढे दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते.

म्हणून पाजायचं नाही, चाटवायचं. काखेत धरा, डोकं सरळ. बिनसुईच्या सिरिंजने चोचीच्या कडेला कोमट ओआरएसचा एकच थेंब लावा. तो आपोआप आत ओढला जातो. तिने गिळलं, की दुसरा. गिळतच नसेल तर हट्ट नको, डॉक्टर गाठा. नळीने भरवणं व्हिडिओ बघून येत नाही.

पाणी पोटात टिकलं, की भिजवलेली ज्वारीची कणी. चमचाभर, दिवसातून पाच-सहा वेळा. मानेखाली उजवीकडे अन्नाची थैली असते, तिला रोज सकाळी बोट लावा. रिकामी हवी. दगडासारखी किंवा लिबलिबीत फुगलेली लागली, तर खाणं बंद आणि पुन्हा डॉक्टर.

उवांसाठी रॉकेल चोळा म्हणणाऱ्यांना आधी स्वतःच्या डोक्याला चोळायला सांगा. बुडाजवळच्या पिसांच्या मुळाशी लिखांचे पांढरे गठ्ठे दिसतील. पावडर डॉक्टरांकडूनच घ्या. अंगात ताकद आली की माती-राखेत लोळू द्या.

लेयर मॅशची, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्याची, घाई नको. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, अंडी बंद असताना मूत्रपिंडांना ते जड जातं. तोवर ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य बरं.

कळपात सोडायची ती अंधार पडल्यावर, गुपचूप दांडीवर. सकाळी टोचाटोची होईलच. रक्त निघालं तरच मध्ये पडा.